कार्बोरेटर साफ झाला, गाडी बंदच

पावसाळाभर पत्र्याखाली झाकून ठेवलेली गाडी दसऱ्याच्या आसपास बाहेर निघते. किक मारून मारून पाय भरून येतो. मग कुणीतरी सांगतं, "कार्बोरेटरमध्ये कचरा बसलाय." इथवरचं निदान बहुधा बरोबर असतं. कार्बोरेटर उतरवला जातो, जेट काढले जातात, स्प्रे मारून पितळ चकचकीत होतं आणि गाडी पुन्हा जोडली जाते. त्यानंतर किक मारावी तर काहीच नाही. साफ करण्याआधी निदान मधूनच फटफटायची तरी, आता तेवढंही नाही.

अशा वेळी लोकांचं लक्ष दुकानाकडे वळतं. प्लग बदलू, सीडीआय (ठिणगीचं इलेक्ट्रॉनिक युनिट) गेला असेल, कॉइल बघू, नाहीतर सरळ नवा कार्बोरेटरच आणू. माझ्या मते हा पैशांचा चुराडा आहे. जे भाग कालपर्यंत चालत होते आणि ज्यांना आज कुणी हात लावला नाही, त्यांनी नेमका आजचाच मुहूर्त धरून दगा द्यावा, हे क्वचितच घडतं. दोष शोधायचा तो हात लागलेल्या जागी. म्हणजे कार्बोरेटरच्या पोटात, किंवा तो काढण्यासाठी जे सैल केलं, सोडवलं, बाजूला सारलं त्यात. शिवाय गाडी नुसती सुरू होण्यासाठी कार्बोरेटरचा अगदी थोडा भाग कामाला येतो. तो भाग कोणता, हे कळलं की शोधायची जागा नखाएवढी उरते.

कार्बोरेटरचं तत्त्व जुनं आहे. प्रवाहाचा वेग वाढला की त्याचा दाब उतरतो, हा संबंध डॅनियल बर्नुलीने १७३८ च्या ग्रंथात मांडला. आवळलेल्या गळ्यातून जाणाऱ्या प्रवाहाचा अभ्यास इटलीच्या जोव्हानी बात्तिस्ता व्हेंचुरीने केला. बुडापेस्टमध्ये दोनात बांकी आणि यानोश चोंका या दोघांनी १८९३ साली फवारा मारणाऱ्या कार्बोरेटरचं पेटंट घेतलं. इंजिन हवा ओढतं, गळ्यात दाब उतरतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून वर खेचलं जातं. या यंत्राला पंप लागत नाही की वीज लागत नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा लागू झालं आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींवर फ्युएल इंजेक्शन आलं. पण त्याआधीच्या स्प्लेंडर, पल्सर, बुलेट आणि जीव लावून सांभाळलेल्या आरएक्स १०० अजून या गळ्यातूनच श्वास घेतात.

मात्र किक मारताना हे तत्त्व मुख्य गळ्यात चालतच नाही. अ‍ॅक्सिलरेटर बंद असतो, त्यामुळे स्लाइड (आपले मेकॅनिक तिला पिस्टन म्हणतात) खाली टेकलेली असते. मधल्या गळ्यातून हवा जेमतेम सरकते आणि मेन जेटमधून पेट्रोल वर खेचण्याइतकी ओढ तिथे नसते. खरी ओढ असते ती स्लाइडच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला. तिथे गळ्याच्या तळाशी टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. त्याला पेट्रोल मिळतं पायलट जेटमधून, ज्याला गॅरेजमध्ये स्लो जेट म्हणतात. थंड इंजिनात या वाटेने येणारं पेट्रोल पुरत नाही म्हणून जोडीला चोक. सुरू होण्यापुरता कार्बोरेटर म्हणजे एवढाच. मेन जेट आपला खरा इंगा दाखवतो तो अ‍ॅक्सिलरेटर अर्ध्याच्या वर गेल्यावर. आणि साफ करणारा माणूस मात्र सगळ्यात मन लावून मेन जेटच साफ करतो, कारण तो डोळ्यासमोर असतो, मोठा असतो, सहज निघतो. पायलट जेट आत विहिरीत बसलेला. त्याला बारीक, नेमक्या रुंदीचा स्क्रू ड्रायव्हर लागतो. ढिल्या ड्रायव्हरने जोर लावला की मऊ पितळाची खाच मोडते. मग "हा राहू दे, याला वरूनच स्प्रे मारू" असं ठरतं, आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

पण जेटकडे वळायच्या आधी साधं काम करायचं. कॉक चालू करा आणि थोडा वेळ थांबा. उतरवलेला कार्बोरेटर रिकामा असतो. वाटी भरायला वेळ लागतो, आणि नव्याने जोडलेल्या नळीत हवेचा फुगा अडकला तर आणखी लागतो. ज्या गाड्यांचा कॉक इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर उघडतो, तिथे रिकामी वाटी भरेपर्यंत बऱ्याच किका वाया जातात; त्याची बारीक नळी परत बसवायची राहिली तर वाटी भरतच नाही. थांबून झालं की वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि खाली काचेची छोटी बाटली धरा. पेट्रोल धार धरून आलं, तर टाकीपासून वाटीपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. थोडं येऊन थेंबांवर आलं, तर कॉकची जाळी, मधला फिल्टर, दुमडलेली नळी नाहीतर टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बघायचं. झाकण उघडल्याबरोबर धार वाढली तर गुन्हेगार झाकणच.

बाटलीतलं पेट्रोल लगेच ओतून देऊ नका, उजेडाकडे धरून बघा. तळाशी वेगळे, जड, घरंगळणारे थेंब दिसले तर ते पाणी. २०२३ पासून आपल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं आणि तो एका मर्यादेबाहेर गेला की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतात. पेट्रोल उचललं जातं ते तळातूनच, म्हणजे पहिला घोट त्याच थराचा. दुसरी खूण वासाची. ताज्या पेट्रोलचा वास नाकात झणकन जातो. महिनोन् महिने पडून राहिलेल्याला जुन्या रंगाच्या डब्यासारखा कुबट वास येतो. पेट्रोलमधला पटकन उडणारा भाग, ज्यावर थंड इंजिन पेट घेतं, तो केव्हाच उडून गेलेला असतो. असं पेट्रोल टाकीत ठेवून कार्बोरेटर कितीही घासला तरी उपयोग नाही. टाकी रिकामी करा आणि ताजं भरा.

वाटीत चांगलं पेट्रोल आहे, मग प्लग काढा. चोकवर काही किका मारल्यानंतर काढलेला प्लग सगळी हकिकत सांगतो. तो कोरडा असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. ओला असेल, पेट्रोलने चकाकत असेल, तर पोचतंय आणि बहुधा नको तितकं पोचतंय, किंवा ठिणगीच पडत नाही. इथून पुढे दोन वाटा फुटतात आणि त्या एकमेकींच्या उलट जातात. प्लग न बघता जेट खोलणारा माणूस निम्म्या वेळा चुकीच्या वाटेला लागतो.

ठिणगी बघायला प्लग टोपीत बसवून त्याचे आटे इंजिनाच्या धातूला टेकवा आणि किक मारा. उजेडातही दिसणारी निळी, कडक ठिणगी हवी. हे करताना प्लगच्या उघड्या भोकापासून लांब राहा, आसपास सांडलेलं पेट्रोल आधी पुसा आणि कॉक बंद ठेवा. त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. करंट नसेल तर लगेच सीडीआयवर संशय नको. आधी बघायचं ते टाकी काढताना सुटलेला कनेक्टर, कार्बोरेटरवरच्या सेन्सरचं न बसवलेलं सॉकेट, ओढली गेलेली प्लगची वायर आणि, हसू नका, बंद राहिलेला किल स्विच. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरवली असेल तर तोही दोष आता त्यात मिसळला. बॅटरीवर इग्निशन चालणाऱ्या गाडीत अशक्त बॅटरी ठिणगीही अशक्त करते. वेळ गेल्यावर निदान अवघड होतं ते यामुळे. मूळचा दोष एक असतो, त्यावर भिजलेला प्लग आणि उतरलेली बॅटरी हे दोन आपण चढवतो.

आता कोरड्या प्लगची वाट. वाटीत पेट्रोल आहे, ठिणगी आहे, पण प्लग कोरडा. खात्री करायची तर प्लगच्या भोकातून सिरिंजने एक-दोन मिलिलिटर पेट्रोल आत सोडा, प्लग बसवा आणि किक मारा. इंजिन क्षणभर धडधडून बंद पडलं, तर ठिणगी, कॉम्प्रेशन, टायमिंग या सगळ्यांची एकदम सुटका झाली. उरली ती पायलटची वाट. जेट बाहेर काढून खिडकीकडे धरा. भोक मिलिमीटरच्या निम्म्याहूनही बारीक असतं. त्यातून उजेडाचा स्वच्छ गोल ठिपका दिसायला हवा. अंधुक, चंद्रकोरीसारखा दिसला तर चिकटा अजून आहे. स्प्रेमध्ये भिजत ठेवा, हवा मारा आणि नाहीच निघालं तर विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार ओवा. सुई किंवा लोखंडी तार घालू नका. पितळ मऊ असतं. भोक जरा मोठं झालं तरी जेटवरचा आकडा खोटा ठरतो आणि गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते.

जेट स्वच्छ झाला म्हणजे वाट मोकळी झाली असं नाही. जेटच्या पुढे कार्बोरेटरच्या अंगात कोरलेली नाळ असते आणि तिच्या तोंडाशी मिक्श्चरचा स्क्रू. हा स्क्रू काढताना त्याच्यामागे स्प्रिंग, बारीक वायसर आणि अगदी टोकाकडे ओ-रिंग असा क्रम असतो. स्क्रू आणि स्प्रिंग हातात येतात, वायसर कधी कधी येतो, ओ-रिंग मात्र आतच चिकटून बसते. ती काळी, इवलीशी, अंधाऱ्या भोकात, दिसत नाही. मग किटमधली नवी ओ-रिंग तिच्यावर चढते. स्क्रू पूर्ण बसत नाही आणि फेऱ्यांचा हिशेब चुकतो. कधी स्प्रेच्या झोतात ती उडून जाते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. मग तिच्या जागेतून हवा शिरते. म्हणून इथे टॉर्च लावून, वाकवलेल्या बारीक तारेने अलगद चाचपून बघणं सार्थकी लागतं. स्क्रू बाहेर असताना त्या भोकातून स्प्रे मारा. गळ्यातल्या टाचणीएवढ्या भोकांतून तो पिचकारीसारखा बाहेर यायला हवा. नाही आला तर नाळ बंद आहे, जेट कितीही चमकत असो. चष्मा घालून मारा. ही पिचकारी नेमकी डोळ्यांच्या दिशेने येते.

मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी तो किती फेरे उघडा होता हे मोजलं नसेल, तर अलगद पूर्ण बंद करून दीड ते दोन फेरे उघडा आणि तिथून सुरुवात करा. आवळून बंद केलात तर टोक रुतून भोकाची कड बिघडते. दिशेचा घोळ मात्र नेहमीचा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, उघडल्यावर पेट्रोलचं प्रमाण घटतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रण सोडतो, उघडल्यावर पेट्रोल वाढतं. शेजाऱ्याच्या आरएक्सवर चाललेला सल्ला आपल्या गाडीला उलटा बसतो, तो यामुळे.

कोरड्या प्लगची आणखी दोन कारणं कार्बोरेटरच्या बाहेर आहेत. गाडी एअर घेत असेल, म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर भेगाळलं असेल, ओ-रिंग खाचेतून सटकली असेल किंवा एक नट आवळून दुसरा ढिला राहिला असेल, तर इंजिनाची ओढ त्या फटीतच संपते आणि पेट्रोल खेचलं जात नाही. अशी गाडी कशीबशी सुरू झाली तर चोक काढताच मरते, किंवा उगाच रेस होत राहते. दुसरं कारण चोकच. स्प्लेंडरसारख्या गाडीत चोक म्हणजे गळ्याच्या तोंडावरची झडप असते, ती हवा अडवते. कित्येक मिकुनी कार्बोरेटरांत मात्र झडप नसते. चोक ओढला की दट्ट्या उचलला जाऊन जास्तीच्या पेट्रोलची वेगळी वाट उघडते. ही वाट फक्त बंद स्लाइडमागच्या ओढीवर चालते. किक मारताना सवयीने मूठ पिळली की ओढ गेली आणि चोकही गेला. अशा गाडीला किक मारताना उजव्या हाताला आवर घालावा लागतो.

स्लाइडचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. ती गोल असली तरी कुठल्याही तोंडाने बसत नाही. तिच्या तळाला एका बाजूला कमानीसारखा काप असतो, तो एअर फिल्टरकडे यायला हवा. अंगावरची लांब खाच आतल्या पिनेवर बसली की ती आपल्या वजनाने सरकन खाली जाते. उलटी घातली तर वरच अडकते, आणि लोक झाकण आवळून तिला दामटतात. मग मूठ सोडल्यावर अ‍ॅक्सिलरेटर मागे येत नाही, स्लाइडमागे ओढ राहत नाही आणि गाडी सुरू झालीच तर एकदम बोंबलत सुटते. झाकण लावण्याआधी मूठ पिळून सोडा. स्लाइड टक्कन खाली आपटल्याचा आवाज यायला हवा.

ओल्या प्लगची वाट आखूड, पण जास्त धोक्याची. पेट्रोल जास्त येतंय म्हणजे फ्लोट त्याला अडवत नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉल व्हॉल्व्ह जे काम करतो तेच इथे फ्लोट आणि त्याची नीडल करतात. साफ करताना नीडलच्या बसणीत कचऱ्याचा कण राहिला, फ्लोटची पिन तिरपी बसली किंवा स्प्रेने फुगलेली वाटीची रिंग खाचेबाहेर येऊन फ्लोटला घासू लागली, की पेट्रोल वाहत राहतं. परीक्षा सोपी आहे. कार्बोरेटर हातात असतानाच त्याच्या पेट्रोलच्या तोटीला स्वच्छ नळी लावून हलकेच फुंका. सरळ धरला असता हवा जायला हवी. उलटा केला की फ्लोटच्या वजनाने नीडल बसते आणि फुंकर अडायला हवी. उलट्यातही हवा गळत असेल तर तो गाडीवर चढवूच नका. पितळी फ्लोट असेल तर कानाशी हलवून बघा. आत खळखळ ऐकू आली तर त्याला भोक आहे आणि तो तरंगणार नाही.

भिजलेलं इंजिन सुरू करायचं तर कॉक बंद, चोक बंद, मूठ पूर्ण उघडी आणि पुसलेल्या किंवा नव्या प्लगवर सलग किका. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकमध्ये जास्तीचं पेट्रोल क्रँककेसमध्ये साठतं, तिथे प्लग काढून किका मारत ते बाहेर काढावं लागतं. फोर-स्ट्रोकमध्ये ते पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. रात्रभर ओव्हरफ्लो झालेल्या गाडीची ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली, तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन फिरवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग आणि पिस्टन खातं, आणि तो खर्च कार्बोरेटरच्या कितीतरी पट होतो.

एवढं सगळं तपासूनही गाडी गप्पच असेल, तर कार्बोरेटर पुन्हा काढून इंजिनाच्या तोंडात बोट घाला. कार्बोरेटर बाहेर असताना धूळ जाऊ नये म्हणून तिथे फडकं कोंबतात आणि ते तसंच राहून जातं. तिकडे एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने कापूस, सुतळी, कागद भरून संसार मांडलेला असतो. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे मुळीच नवलाचं नाही.

गाडी सुरू झाली की लगेच स्क्रू फिरवायला घेऊ नका. चांगली गरम होऊ द्या, चोक पूर्ण काढा, आयडलचा स्क्रू थोडा चढवा, मग मिक्श्चरचा स्क्रू पाव पाव फेऱ्याने फिरवत जिथे इंजिन सगळ्यात जोरात आणि सारखं चालतं तिथे थांबवा, आणि आयडल पुन्हा खाली आणा. नंतर गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी आधी कार्बोरेटरखालची फरशी बघा, ओल आहे का ते. मग चोक लावा, मूठ न पिळता किक मारा. एक-दोन किकांत लागली तर काम झालं. आदल्या संध्याकाळी गरम इंजिनावर लागली होती याला फारसा अर्थ नाही. गरम इंजिन अर्धवट साफ झालेल्या पायलट जेटवरही निभावून नेतं.